घरच्या ओट्यावर बनणारा बारीक नक्षीचा बोर्ड



उन्हाळ्यात पंप बंद पडला की आपण आधी मोटारीकडे पाहतो, मग केबलकडे, मग डी.पी.कडे. मोटार चांगली, केबल चांगली, तिन्ही फेज हजर, आणि तरीही पंप उचलत नाही, असे झाले म्हणजे दोष बहुधा पेटीत असतो. आणि हल्लीच्या पेटीत म्हणजे ऑटोच्या, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरच्या किंवा मोबाईल स्टार्टरच्या बोर्डात. हाताच्या पंजाएवढी ती हिरवी पाटी. मेकॅनिक सांगतो, "बोर्ड गेलाय, कंपनीकडून मागवावा लागंल." मॉडेल जुने असेल तर उत्तर येते की तो बोर्ड आता बनत नाही, पेटीच नवी घ्या. यात आठ-दहा दिवस सहज जातात. एप्रिल-मेमध्ये उभ्या उसाची एक पाळी चुकली तर काय होते हे आम्ही सांगावयास नको. मग घाईला आलेला माणूस बोर्ड बाजूला काढतो आणि मोटार डायरेक्ट जोडून देतो. पुढे एका रात्री एक फेज जाते, मोटार उरलेल्या दोन फेजवर घुमत राहते आणि सकाळी विहिरीवर वाइंडिंगचा जळका वास येतो. गटात फिरताना हा प्रकार आमच्या वारंवार पाहण्यात येतो.

असा बोर्ड घरी बनवता येतो का? येतो. कोणता बनवावा आणि कोणता बनवू नये हा निराळा प्रश्न, त्याचा विचार पुढे करू. आधी हा उद्योग आम्हास कोठे पाहावयास मिळाला ते सांगतो.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी म्हणजे यंत्रमागाचे गाव. आजूबाजूला भाताची शेती, उसाचे नाव नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे पुष्कळसे कापडाचे काम तिकडच्या मागांकडे वळले, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. आपल्या भागातील एका सभासदाचे चिरंजीव आय.टी.आय. करून तिकडे गेले ते तिकडचेच झाले. मागांचे बोर्ड दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही. गळीत हंगाम संपल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाला, मुंबईच्या कामातून वेळ काढून आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो.

मागाला बोर्ड कशाला, असे कोणी विचारील. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ धातूची पट्टी अडकवलेली असते, तिला ड्रॉप पिन म्हणतात. धागा तुटला की पट्टी खाली पडते, खालच्या दांडीला टेकते, वीज पुरी होते आणि बोर्ड माग थांबवतो. जुन्या साध्या मागावर हे काम विणकराची नजर करते. सुधारलेल्या मागावर बोर्ड करतो. विणकराची मजुरी मीटरवर, त्यामुळे माग उभा राहिला की मजूर आणि मालक दोघांचाही तोटा. त्यात हवा दमट, आणि कापसाचे तूस जागोजाग बसलेले. हे तूस ओल धरते, दोन तारांमध्ये नको तिथे वीज पाझरते आणि बोर्ड वेड्यासारखा वागू लागतो. आपल्या विहिरीवरच्या पेटीत मुंग्या, पाली आणि कुंभारमाशीची मातीची घरटी हे काम करतात, एवढाच फरक.

आता बोर्ड म्हणजे काय ते पाहू. पूर्वीच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत तारेला तार हाताने जोडलेली असे. पॉल आयस्लर या मूळच्या ऑस्ट्रियन इंजिनियराने इंग्लंडात १९३६ च्या सुमारास तारांऐवजी पाटीवर तांब्याच्या पट्ट्या ठेवून रेडिओ बनवला. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये ही पद्धत कामी आली आणि त्यानंतर ती घरोघरच्या रेडिओत शिरली. पाटी बहुधा १.६ मिलिमीटर जाडीची, काचतंतू आणि राळ यांची. तिच्यावर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला. हे तांबे साधारण ३५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्मे. हवी ती नक्षी झाकायची आणि उघडे राहिलेले तांबे औषधाने खाऊन टाकायचे. उरते ती तार. तत्त्व एवढेच.

जुन्या काळी हौशी मुले तैलरंगाने किंवा नखाच्या पॉलिशने ही नक्षी हाताने काढत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून (म्हणजे आताचा डॉ. भडकमकर मार्ग) तांब्याची पाटी आणि फेरिक क्लोराइडची पुडी आणायची आणि जुन्या फोटोग्राफीच्या ट्रेमध्ये हलवत बसायचे. तेव्हा आय.सी.चे पाय एकमेकांपासून २.५४ मिलिमीटरवर असत, त्यामुळे हाताचा रंग चालून जाई. आताच्या बारीक आय.सी.चे पाय अर्ध्या मिलिमीटरवर येऊन ठेपले आहेत. आपल्या एस-३० साखरेचा एक दाणा ठेवलात तर दोन पायांवर एकदम बसेल. अशा पायांना जाणारी तार ०.२ मिलिमीटरची, आणि दोन तारांमधली मोकळी जागाही तेवढीच. येथे हाताचा रंग चालत नाही.

लेझर प्रिंटरची एक मधली पद्धत आहे. चकचकीत कागदावर नक्षी उलटी छापायची, ती तांब्यावर पालथी ठेवून इस्त्री फिरवायची. छपाईची काळी पूड वितळून तांब्याला धरते. पाऊण-एक मिलिमीटरच्या तारांसाठी ही पद्धत छान आणि स्वस्त. जपून केली तर ०.३ पर्यंतही जाते. त्याखाली मात्र इस्त्रीचा दाब कुठे कमी कुठे जास्त पडतो, पूड पसरते आणि शेजारच्या तारा एक होतात.

भिवंडीच्या घरात आम्ही पाहिली ती फिल्मची पद्धत. लग्नपत्रिका किंवा साखरेची पोती ज्या स्क्रीनवर छापतात तो स्क्रीन बनवताना प्रकाशाने थर कडक करतात, हे छापखान्यात गेलेल्यांनी पाहिले असेल. ही पद्धत त्याच जातीची.

पहिले काम साफसफाईचे, आणि आमच्या मते निम्मे यश येथेच आहे. तांबे बारीक घासणीने आणि भांड्याच्या साबणाने एका दिशेने नव्हे तर उभे-आडवे घासायचे, भरपूर पाण्याने धुवायचे. पाणी सगळीकडे सारखे पसरले तर पाटी स्वच्छ. थेंब थेंब होऊन तुटले तर अजून तेलकट आहे. त्यानंतर तांब्याला बोट लावायचे नाही, कडेने धरायचे. चिरंजीवांच्या आईने शेजारून ऐकवले, "घरातल्या पातेल्याला येवढं घासलं असतं तर!"

मग पिवळ्या दिव्याखाली फिल्म चढवायची. ही फिल्म निळसर, दोन्ही बाजूंनी पातळ प्लॅस्टिकने झाकलेली असते. एका बाजूचे प्लॅस्टिक सोलून ती बाजू तांब्यावर घ्यायची आणि ओळखपत्रे लॅमिनेट करण्याच्या यंत्रातून पाटी दोन-तीनदा काढायची. हवेचा फुगा राहिला तर तेथे नक्षी जाणार हे ठरलेले. पावसाळ्यात हवेतली ओल पाटीवर बसते, म्हणून फिल्मपूर्वी पाटी थोडी तापवून घेतात.

नक्षी संगणकावर काढतात. त्यासाठी किकॅड नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. ती पारदर्शक कागदावर निगेटिव्ह छापायची: जेथे तार हवी तेथे कागद मोकळा, बाकी काळा. साध्या प्रिंटरचा काळा रंग उजेडासमोर धरला तर विरळ दिसतो. म्हणून दोन प्रती बिनचूक एकीवर एक जुळवून चिकटवतात. येथे एक गोष्ट आम्हास फार पटली. छापलेली बाजू फिल्मला टेकलेली हवी. उलटी ठेवली तर मध्ये कागदाची जाडी येते, ती ०.१ मिलिमीटर, उजेड त्या फटीतून तिरका शिरतो आणि ०.२ ची तार फुगते. एवढ्यासाठी वरून काच ठेवून चिमट्यांनी दाबतात.

उजेड म्हणजे जांभळा, अतिनील. त्यासाठी ब्यूटी पार्लरमध्ये नखांचे रंग वाळवायला वापरतात तो लहान दिवा होता! किती मिनिटे ठेवायचे हे दिव्यावर आणि फिल्मवर अवलंबून. चिरंजीव पुस्तक उघडत नाहीत. पाटीच्या एका तुकड्यावर पुठ्ठा ठेवून तो दर मिनिटाला थोडा सरकवतात, म्हणजे एकाच तुकड्यावर एक मिनिट, दोन मिनिटे, तीन मिनिटे असे पट्टे मिळतात. जो पट्टा सर्वांत स्वच्छ उमटेल तो वेळ कायम. आपण खताच्या मात्रेचे चाचणी प्लॉट घेतो तोच न्याय. ज्याने चाचणी घेतली नाही त्याने शेजाऱ्याची मात्रा स्वतःच्या रानात टाकल्यासारखे आहे.

उजेड लागलेली फिल्म कडक होते. वरचे दुसरे प्लॅस्टिक काढून पाटी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात घालायची, एक लिटरला १० ग्रॅम. (धुण्याचा सोडा, खायचा नव्हे.) मऊ ब्रश फिरवला की कोवळी फिल्म निघून जाते, कडक राहते, आणि निळी नक्षी तांब्यावर उमटते. भिंगाखाली ती पाहताना आम्ही बराच वेळ गप्प होतो.

पुढे फेरिक क्लोराइड. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये द्रावण, आणि तो ट्रे गरम पाण्याच्या मोठ्या परातीत, म्हणजे द्रावण ४० अंशांच्या आसपास कोमट राहते. सतत हलवायचे. दहा-पंधरा मिनिटांत उघडे तांबे जाते. "साहेब, तांबं खाली जातं तसं बाजूनंही जातं," असे चिरंजीवांनी सांगितले, आणि बारीक नक्षीचे सगळे गणित त्या वाक्यात आहे. तांबे ३५ मायक्रॉन जाड असेल तर ते खालपर्यंत खाईतो औषध फिल्मखाली दोन्ही कडांनी शिरत असते. वाईटात वाईट दोन्हीकडून तेवढेच गेले असे धरा. २०० मायक्रॉनच्या तारेतून ७० गेले तर १३० उरतात, काम भागते. १०० मायक्रॉनची तार असती तर ३० उरून ती कुठेतरी तुटलीच असती. म्हणून फार बारीक कामाला १८ मायक्रॉन तांब्याची पाटी घेतात, औषध कोमट आणि हलते ठेवतात म्हणजे काम लवकर आटोपते, आणि शेवटचे तांबे गेले की पाटी क्षणभरही आत ठेवत नाहीत.

बाकीचे थोडक्यात. कडक फिल्म कॉस्टिकच्या सौम्य पाण्याने सुटते. कॉस्टिक म्हणजे आपल्या कारखान्यात इव्हॅपोरेटर साफ करताना वापरतात तेच. हातमोजे आणि चष्मा नसेल तर हात लावू नये. मग ०.८ मिलिमीटरच्या ड्रिलने भोके, आणि तांब्यावर कथलाची कल्हई. भांड्यालाच नव्हे, येथेही कल्हई लागते, नाहीतर तांबे काळे पडून डाग धरत नाही. शेवटी पाटी उजेडासमोर धरून, भिंगाने आणि मीटरने एकेक तार तपासायची. ज्या बोर्डाची नक्कल आम्ही पाहिली तो माग बनवणाऱ्याकडून मिळेनासा झालेला. पहिल्या दोन पाट्या फेकाव्या लागल्या, तिसरी लागली.

येथे विचारी वाचक म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बोर्ड बनवून देणारे कारखाने देशात आणि चीनमध्ये आहेत, नक्षीची फाइल पाठवली की कुरियरने घरी येतो. खरे आहे. दहा बोर्ड हवे असतील तर बाहेरूनच करून घ्यावेत, ते अधिक नेटके आणि स्वस्त पडतात. घरच्या पद्धतीची किंमत वेळेत आहे: आज सकाळी नक्षी, संध्याकाळी बोर्ड. माग उभा आहे किंवा पाणी द्यायचे अडले आहे त्याला कुरियरचे आठ दिवस परवडत नाहीत.

वापरलेल्या पाण्याचे काय?

यावर आम्हास थोडे कडक लिहावे लागत आहे. वापरलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये तांबे विरघळलेले असते. मोरचूद आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. बोर्डो मिश्रणात तो बुरशी मारतो ते त्यातल्या तांब्याने. तेच तांबे माशाला, गांडुळाला आणि जमिनीतल्या उपयोगी जिवाणूंना मारते, आणि जमिनीत एकदा बसले की पाण्याने वाहून जात नाही. हे द्रावण विहिरीकडे, पाटात, न्हाणीत किंवा शेणखड्ड्यात ओतायचे नाही. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवायचे नाही, ते भांडे खाते. द्रावण करताना पुडी थोडी थोडी पाण्यात टाकायची, पाणी पुडीवर ओतायचे नाही. ते बरेच तापते.

द्रावण निकामी झाले की प्लॅस्टिकच्या बादलीत घेऊन त्यात चुन्याची निवळी किंवा धुण्याचा सोडा हळूहळू घालायचा. उसाचा रस निवळताना चुन्याने गाळ खाली बसतो तसाच येथे बसतो. तांबे त्या गाळात येते. सोडा घातला तर फेस फार येतो, बादली अर्धीच भरलेली असावी. पण गाळ म्हणजे खत नव्हे, तो रानात टाकू नये. बाटलीत भरून, चिठ्ठी लावून ठेवावा. घातक कचऱ्याची सामाईक केंद्रे तळोजा आणि रांजणगाव येथे आहेत, पण एका बाटलीसाठी तिकडे कोण जाणार? आपल्या कारखान्याचा असा माल तिकडे जातोच, तेव्हा सभासदांच्या घरची बाटली प्रयोगशाळेत जमा करून घेण्यास केमिस्ट साहेबांनी होकार दिला आहे.

ज्यांना औषधच नको त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. त्या कोरडवाहू गावात २००२ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरील ती पहिल्यांपैकी एक. फॅब लॅबमध्ये बोर्डाचे तांबे औषधाने खात नाहीत, संगणकाने चालणाऱ्या लहान यंत्राने कोरून काढतात. कोरणारे पाते सुमारे ०.४ मिलिमीटरचे, त्यामुळे दोन तारांमधली जागा त्याहून कमी होत नाही, आणि काचतंतूंची धूळ छातीस वाईट म्हणून कागद व राळेची पाटी वापरतात. मुलांच्या शिक्षणासाठी आम्हास हा मार्ग अधिक बरा वाटतो. बारीक कामात मात्र फिल्म वरचढ आहे.

आता कोणता बोर्ड घरी बनवावा? ज्यावर ५ किंवा १२ व्होल्ट खेळतात तो. पाण्याची पातळी दाखवणारा, ओल मोजणारा, मोबाईलचा निरोप घेणारा. ज्या भागावर थेट ४१५ व्होल्ट येतात तो घरी बनवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुख्य विजेचा भाग आणि कमी व्होल्टचा भाग यांच्यामध्ये सहा ते आठ मिलिमीटर कोरी जागा राखावी लागते, तेथे ०.२ च्या नक्षीची हौस चालत नाही. शिवाय ३५ मायक्रॉन तांब्याची एक मिलिमीटर रुंद पट्टी दीड-दोन अँपिअर सुखाने वाहते, मोटारीचा भार नव्हे. पेटीतला बोर्ड काढण्यापूर्वी मेन स्विच पाडा, फ्यूज हातात घ्या, टेस्टर लावून पाहा. रात्रपाळीच्या विजेवर, ओल्या पायांनी, बॅटरीच्या उजेडात पेटी उघडणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहीत आहोत.

शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींनी हात बसवण्यासाठी कोईमतूरचा नमुना डोळ्यांसमोर ठेवावा. को ८६०३२ ज्या संस्थेची, त्याच ऊस पैदास संस्थेने जमिनीतील ओल दाखवणारे एक साधे यंत्र तयार केले आहे. दोन सळया जमिनीत खुपसायच्या. निळा दिवा लागला तर ओल भरपूर, हिरवा लागला तर पुरेशी, नारिंगी म्हणजे पाणी द्यायला हरकत नाही, आणि लाल म्हणजे लगेच द्या. त्यात ४१५ व्होल्ट नाहीत, चूक झाली तरी जीव जात नाही. आणि उसाला गरज नसताना दिलेली एक पाळी वाचली तरी पाणी, वीज आणि जमीन तिन्ही वाचतात. आपल्या भागातल्या चोपण पडलेल्या रानांकडे पाहिले म्हणजे हे मुद्दाम पटवून द्यावे लागत नाही.

भिवंडीहून आणलेली एक कोरी पाटी, एक निळी नक्षी उमटलेली पाटी आणि एक पुरा झालेला बोर्ड असे तीन नमुने शेतकी ऑफिसात भिंगासह ठेवले आहेत. गुरुवारी सुट्टी सोडून केव्हाही यावे. येताना जुन्या पेटीतला बंद बोर्ड घरात पडला असेल तर तो भंगारवाल्याला न देता घेऊन यावे. त्यावर मॉडेल आणि पेटी कोणत्या वर्षी घेतली ते चिठ्ठीवर लिहावे.